प्रवासातला भयपट थांब्यांवर का घडतो

मोटारीने केलेला लांबचा प्रवास भयपटासाठी इतका परिणामकारक का ठरतो, हा प्रश्न पटकथा शिकणारे हमखास विचारतात आणि त्याचे उत्तरही बहुतेक वेळा ठरलेले असते: रस्ता निर्जन असतो, मदत दूर असते आणि फोन लागत नाही. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. निर्जनता बेटावर असते, जंगलातल्या बंगल्यात असते, पाणबुडीत आणि अवकाशयानातही असते, आणि त्या सगळ्या ठिकाणी उत्तम भयपट घडलेले आहेत. शिवाय रस्त्यावरच्या भयपटांतले काही अतिशय अस्वस्थ करणारे प्रसंग भर दुपारी, माणसांच्या गर्दीत घडतात. तेव्हा बंगल्याजवळ नसलेले असे रस्त्याजवळ काय आहे, हे निराळे शोधावे लागते. पटकथा लिहिताना आणि इतरांच्या पटकथा दुरुस्त करताना माझे जे मत बनले ते असे, की या प्रकारच्या चित्रपटात भीतीचे मुख्य काम धावत्या गाडीपेक्षा तिचे थांबे करतात. धावती गाडी प्रेक्षकाला एका लयीत बसवते. प्रत्येक थांबा ती लय मोडतो आणि पात्रांना एखाद्या अनोळखी माणसाच्या स्वाधीन करतो.

आधी बंगल्याची अडचण पाहू. झपाटलेल्या घराच्या गोष्टीत प्रेक्षकाचा पहिला प्रश्न असतो, की ही माणसे घर सोडून जात का नाहीत? त्याचे उत्तर देण्यासाठी लेखकाला कारणे रचावी लागतात. पूल वाहून जातो, बर्फ पडते, सगळी पुंजी त्या घरात अडकलेली असते किंवा मृत्युपत्रात एक रात्र काढण्याची अट असते. प्रेक्षक ही कारणे चालवून घेतो, पण मनातल्या मनात लेखकाच्या नावावर उधारी मांडून ठेवतो. रस्त्यावरच्या गोष्टीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण पात्रे निघालेलीच असतात. ती सतत निघूनच जात असतात, आणि त्यांनी कापलेला प्रत्येक मैल परतीच्या वाटेत भर घालत असतो. पळून जाण्याचे साधन आणि कोंडून पडण्याची जागा ही दोन्ही कामे एकच वस्तू करते, ती म्हणजे गाडी. ही सोय लेखकाला आयती मिळते. तिच्यासाठी एकही संवाद खर्ची घालावा लागत नाही.

थांब्यांचा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’इतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. त्यातले न्हाणीघर आणि टेकडीवरचे घर सर्वांना आठवते, पण त्याआधीचा बराच मोठा भाग मोटारप्रवासाचा आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मॅरियन क्रेन मालकाच्या पेढीतले ४०,००० डॉलर चोरून फिनिक्स शहरातून निघते. डोके दुखते आहे, घरी जाऊन झोपते, असे सांगून ती कामावरून निघालेली असते. सिग्नलला गाडी उभी असताना नेमका तोच मालक समोरून रस्ता ओलांडतो, सवयीने हसतो, पुढे जातो आणि मग थबकून वळून पाहतो. पुढचा थांबा रस्त्याच्या कडेला. रात्री तिथेच गाडीत झोपलेल्या मॅरियनला सकाळी एक पोलीस काच वाजवून उठवतो आणि त्याचा काळ्या चष्म्याचा चेहरा पडदा व्यापून टाकतो. त्यानंतर जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे ती जुनी गाडी आणि वर ७०० डॉलर रोख देऊन घाईघाईने दुसरी गाडी घेते, तेव्हा तोच पोलीस रस्त्यापलीकडे उभा राहून पाहत असतो. शेवटचा थांबा पावसात दिसलेले मोटेल, जिथे तिचा खून होतो.

खुनाच्या क्षणापर्यंत या चारही थांब्यांवर तिच्याशी कोणीही वाईट वागत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मालक हसतो, विक्रेता सौदा करून देतो, मोटेलचा तरुण जेवायला बोलावतो. पोलीस तर तिच्या काळजीने सांगतो, की या भागात मोटेले पुष्कळ आहेत, सुरक्षिततेच्या दृष्टीने तिथे झोपायला हवे होते. त्या सल्ल्यातला क्रूर विनोद प्रेक्षकाला दुसऱ्यांदा चित्रपट पाहतानाच कळतो. दोन थांब्यांच्या मध्ये पडद्यावर पाहण्यासारखे फारसे काही नसते. स्टिअरिंगमागे बसलेली मॅरियन, तिच्या कल्पनेतले लोकांचे आवाज, संगीतकार बर्नार्ड हर्मनची तंतुवाद्ये आणि अखेरीस वायपरची ये-जा. आधीच्या थांब्यावर पेरलेला संशय त्या रिकाम्या वेळात तिच्या डोक्यात वाढत जातो. प्रवासाचे तुकडे एवढेच काम करतात आणि तेवढेच त्यांनी करावे.

थांबा टाळता येत नाही, ही त्याची दुसरी ताकद. पेट्रोल संपते, भूक लागते, लघवी लागते, झोप येते. यातली कोणतीही गोष्ट मूर्खपणाची नाही, त्यामुळे प्रेक्षकाला पात्राला नावे ठेवायला जागा उरत नाही. तळघरात एकटीच उतरणाऱ्या नायिकेवर प्रेक्षक वैतागतो. पेट्रोल पंपावर गाडी वळवणाऱ्यावर कोण वैतागणार? जॉर्ज स्लायझर यांच्या १९८८ सालच्या ‘स्पूरलूस’ या डच चित्रपटात एक जोडपे सुटीसाठी फ्रान्समध्ये आलेले आहे. आधी बोगद्यात त्यांच्या गाडीतले पेट्रोल संपते आणि तो तिला तिथेच ठेवून पेट्रोल आणायला जातो. मग भांडण मिटते, पुढच्या पंपावर दोघे हसतखेळत बसतात, आठवण म्हणून झाडाखाली दोन नाणी पुरतात, आणि ती काहीतरी थंड प्यायला आणते म्हणून दुकानाकडे जाते ती परत येत नाही. हे सगळे लख्ख उजेडात, सुटीच्या गर्दीत, मुलेबाळे आणि सायकली लादलेल्या गाड्यांच्या मध्ये घडते. तिला नेणारा माणूस रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, कुटुंबवत्सल आहे, आणि हात गळ्यात बांधून मदत मागण्याची त्याने शिस्तीत तालीम केलेली आहे. महामार्गावरच्या थांब्याचा एक गुण त्याने अचूक ओळखलेला आहे: तिथे प्रत्येक जण थोड्या वेळापुरता आलेला असतो, त्यामुळे कोण आले आणि कोण गेले याची दखल घेणारे तिथे कोणीच नसते. गावात अनोळखी माणूस उठून दिसतो, पण पंपावर सगळेच अनोळखी असतात.

गरज हीच गोष्टीचे इंजिन कशी बनते, हे टोबी हूपर यांच्या १९७४ सालच्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’मध्येही दिसते. पाच तरुणांची व्हॅन पंपावर पोचते, तर तिथे पेट्रोलच नसते. टँकर यायचा आहे असे उत्तर मिळते. मग ती मंडळी जवळच्याच पडक्या वडिलोपार्जित घराकडे वळतात. तिथून त्यांच्यातल्या एकाला कुठेतरी जनरेटर चालू असल्याचा आवाज येतो. जिथे जनरेटर आहे तिथे पेट्रोल असणार, ते मागून घेऊ, असा अगदी व्यवहारी विचार करून तो शेजारच्या घराच्या दारात जातो. त्या चित्रपटाच्या हिंसेविषयी पुष्कळ बोलले जाते, पण तिच्यापर्यंत नेणारी ही साखळी किती साधी आहे याकडे नवे लेखक दुर्लक्ष करतात आणि मग स्वतःच्या पटकथेत शाप, जुनी कबर आणि चुकीचा नकाशा हे सगळे एकाच वेळी कोंबतात. रिकामी टाकी पुरते. टाकीचा काटा हे पडद्यावरचे घड्याळ आहे, आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

रस्त्यावरचा भयपट आणखी एका गोष्टीवर उभा असतो, ती म्हणजे वाहनचालकांमधला न बोललेला करार. समोरून येणारा आपल्या बाजूने जाईल, हेडलाइट खाली करील, मागचा अंतर राखील, यावर विसंबून आपण दर मिनिटाला शेकडो किलो लोखंडाच्या हाताभर अंतरावरून जात असतो. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ हा दूरचित्रवाणीसाठी केलेला चित्रपट १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये एबीसी वाहिनीवर दाखवला गेला; रिचर्ड मॅथिसन यांनी आपल्याच कथेवरून त्याची पटकथा लिहिली होती. एका सामान्य विक्रेत्याच्या लाल मोटारीमागे एक गंजका टँकर लागतो, एवढीच गोष्ट. त्यातला मला सर्वांत भयंकर वाटणारा क्षण धडकेचा नाही. ट्रकचा चालक खिडकीतून हात बाहेर काढतो आणि ‘पुढे जा’ अशी खूण करतो. असा हात हे रस्त्यावरचे सर्वांत जुने सौजन्य आहे. मोटारवाला विश्वासाने ओव्हरटेक करायला बाहेर पडतो, तर समोरून गाडी येत असते. त्या एका खुणेने करार मोडला, आणि पुढचा सगळा चित्रपट कसलेही नियम न उरलेल्या रस्त्यावर घडतो. चालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. हात दिसतो, बूट दिसतात.

त्या बुटांचा उपयोग पुढे एका थांब्यावर होतो. धास्तावलेला नायक रस्त्याकडेच्या उपाहारगृहात शिरतो, तोंड धुतो, जरा सावरतो, आणि खिडकीतून पाहतो तर तोच ट्रक बाहेर उभा. म्हणजे चालक याच खोलीत बसलेला आहे. नायक एकेकाचे बूट न्याहाळू लागतो, आणि तसे बूट एकापेक्षा अधिक जणांच्या पायांत असतात. या सगळ्या पाठलागात ताण सर्वाधिक कुठे चढतो असे विचाराल तर मी या उपाहारगृहाकडे बोट दाखवीन, जिथे कोणतेही चाक फिरत नाही.

लिफ्ट मागणाऱ्या माणसाची गोष्ट तर चित्रपटापेक्षा जुनी आहे. गाडीत घेतलेली व्यक्ती वाटेत नाहीशी होते आणि ती केव्हाच मेलेली होती असे नंतर कळते, ही दंतकथा अमेरिकेतल्या लोककथा-अभ्यासकांनी १९४२ मध्येच मोठ्या संख्येने गोळा करून छापली होती, आणि तिची घोडागाडीच्या काळातली रूपेही सापडतात. वाहन बदलले तरी गोष्ट टिकली, याचे कारण तिच्यात चालकापुढे येणारा पेच आहे: थांबलो तर धोका, न थांबलो तर अपराधीपणा. १९८६ सालच्या ‘द हिचर’मध्ये तरुण चालक लिफ्ट देतो त्यामागे दयेइतकाच स्वार्थही असतो, पावसाळी रात्री लांबच्या प्रवासात डोळे मिटू लागलेले असतात आणि सोबत बोलायला कोणी असले तर जाग राहील, असा त्याचा हिशेब असतो. पात्राला असे स्वार्थाचे साधे कारण दिले, की प्रेक्षक त्याला मूर्खही म्हणू शकत नाही आणि भोळाही म्हणू शकत नाही.

आता गाडीच्या आतल्या बाजूकडे वळतो, कारण छायाचित्रणाच्या आणि ध्वनीच्या दृष्टीने ती विलक्षण जागा आहे. रात्री डॅशबोर्डचे दिवे आणि समोरचा प्रकाशझोत यांमुळे चालकाचे डोळे अंधाराला कधीच पुरते सरावत नाहीत. तसे सरावायला वीस ते तीस मिनिटे अंधार लागतो. त्यामुळे बाहेरच्याला आतले दिसते, पण आतल्याला प्रकाशझोताबाहेरचे काही दिसत नाही. आतला दिवा लावला की खिडकीची काच आरसा होते आणि अंधाराऐवजी स्वतःचाच चेहरा दिसू लागतो. हर्क हार्वी यांनी १९६२ मध्ये अत्यल्प खर्चात केलेल्या ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’मध्ये रात्री एकटीच गाडी चालवणारी नायिका बाजूच्या काचेत पाहते आणि तिथे तिच्या प्रतिबिंबाच्या जागी एका पांढऱ्याफटक माणसाचा चेहरा असतो. त्यासाठी कोणतीही मोठी तांत्रिक करामत लागली नाही. काच मुळातच पारदर्शकता आणि प्रतिबिंब यांच्या सीमेवर असते, दिग्दर्शकाने तिला थोडे ढकलले इतकेच.

हेडलाइटचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. साधारण गाडीचा खालचा झोत पन्नास-साठ मीटरपर्यंत नीट उजेड देतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे उजेडाच्या टोकाला माणूस उभा असल्याचे दिसते तेव्हाच त्याच्यापाशी थांबणे अशक्य झालेले असते. पडद्यावर अचानक प्रकाशात येणारी आकृती दचकवते ती केवळ संगीताच्या ठोक्यामुळे नव्हे. रात्री गाडी चालवलेल्या प्रत्येकाच्या शरीराला हे गणित ठाऊक असते. म्हणून मी दिग्दर्शकांना सुचवतो, की आकृती दिसण्याच्या क्षणाआधी वेगाची जाणीव होऊ द्यावी, पांढरे पट्टे गाडीखाली जाताना दाखवावेत, आणि मगच ती आकृती आणावी. पट्ट्यांशिवाय ती दचकण्याची युक्ती होते.

ध्वनीच्या बाबतीत गाडी ही ध्वनिसंयोजकाला मिळालेली देणगीच आहे. इंजिन, टायर आणि वारा यांचा सलग आवाज काही मिनिटांत कानाआड होतो, पण तो संपलेला नसतो. इंजिन बंद पडते तेव्हा तो एकदम नाहीसा होतो आणि त्या पोकळीत तापलेला धातू निवताना होणारी टिकटिक, सीटबेल्टची करकर आणि कोणाचा तरी श्वास ऐकू येऊ लागतो. शांतता अशी कमवावी लागते. गाडीत ती आधीच्या आवाजामुळे आपोआप कमावली जाते. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की धावत्या गाडीची मागची एकच खिडकी उघडली तर आतली हवा धडधडू लागते आणि तिची कंपने वीस हर्ट्‌झच्या आसपास किंवा त्याहून खाली असतात, म्हणजे ती ऐकू येण्यापेक्षा कानांवर दाबासारखी जाणवतात. मागच्या आसनावर कोणी खिडकी उघडली आहे हे न दाखवता नुसती ती धडधड ऐकवून पाहा. पुढे बसलेल्या दोघांना आपण एकटे आहोत असे वाटत असेल, तर दुसऱ्या कशाची गरज पडणार नाही.

बसण्याच्या रचनेविषयी थोडक्यात. गाडीत माणसे एकमेकांकडे न पाहता बोलतात, त्यामुळे समोरासमोर जे बोलले जात नाही ते तिथे बोलले जाते, आणि संकलकाला बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा एकाच चौकटीत समोरून मिळतो. चालकाने मागे वळून पाहणे हेच धोक्याचे असते. म्हणून त्याच्याकडे आरसा असतो, आणि त्या हातभर पट्टीत मावेल तेवढाच मागचा भाग त्याला दिसतो. कुटुंब असेल तर भांडण आधीपासून गाडीत बसलेलेच असते. बाहेरचे संकट येण्यापूर्वी त्या भांडणाला पुरेसा वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. घाई करणाऱ्या पटकथांत माणसे मरतात तेव्हा ती कोण होती हेच आठवत नाही.

भूगोलाचा भाग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षांत जुन्या रस्त्यांवरची वाहतूक नव्या रुंद मार्गांवर वळत गेली. जुन्या रस्त्यांकडेची मोटेले, पंप आणि उपाहारगृहे तिथेच राहिली, गिऱ्हाइके गेली. ‘सायको’तला तरुण हेच सांगतो, की महामार्ग दुसरीकडे गेला म्हणून बाराच्या बारा खोल्या रिकाम्या आहेत. या वाक्यात त्या काळाच्या अर्थव्यवस्थेचे एक सत्य आहे, आणि भयपटांनी त्यानंतर हीच जागा पुन्हा पुन्हा वापरली आहे: मुख्य रस्ता सोडून फाट्यावरून आत गेल्यावर लागणारी, नकाशावर असलेली पण कोणाच्या हिशेबात नसलेली वस्ती. १९७७ सालच्या ‘द हिल्स हॅव आइज’मध्ये पंपावरचा म्हातारा कुटुंबाला मुख्य रस्ता सोडू नका असे बजावतो आणि ते अर्थातच सोडतात. प्रवासी आणि तिथला रहिवासी यांच्यात ज्ञानाची विषमता असते. प्रवाशाला पुढचे वळण ठाऊक नसते, रहिवाशाला सगळे ठाऊक असते. भीती या विषमतेतून येते.

या जागेत एक खोटही आहे. गरीब आणि मागे पडलेल्या वस्तीतला माणूस म्हणजे राक्षस, हा सोपा समज या प्रकारच्या चित्रपटांनी इतका रुजवला आहे, की आज तसा चित्रपट लिहिणे मला आळशीपणाचे वाटते. जे चांगले आहेत ते प्रवाशांच्या उर्मटपणाकडेही पाहतात. शहरातून आलेली मंडळी कोणाच्या अंगणात विनापरवाना शिरतात, कोणाचे फोटो काढतात, कोणाच्या बोलण्याला हसतात, हे आधी दाखवले तर पुढचे संकट आकाशातून पडल्यासारखे वाटत नाही, आणि प्रेक्षकालाही आपली बाजू निवडणे अवघड जाते.

मोबाइल फोनने या प्रकाराचे नुकसान केले अशी तक्रार ऐकू येते. मला ती पटत नाही. ‘सिग्नल नाही’ असे फोनच्या पडद्यावर दाखवणारा शॉट मात्र इतका झिजला आहे, की तो आल्याबरोबर प्रेक्षक जांभई देतो. त्यापेक्षा फोन चालू ठेवावा. मदतकेंद्राशी बोलणे होते, पलीकडचा माणूस शांतपणे विचारतो की तुम्ही नेमके कुठे आहात, आणि पात्राला सांगता येत नाही, कारण गेला तासभर त्याने रस्त्याकडे पाहिलेलेच नाही, फक्त नकाशातल्या आवाजाचे ऐकले आहे. किंवा ठिकाण अचूक सांगता येते आणि उत्तर मिळते की गाडी पोचायला दोन तास लागतील. ही परिस्थिती सिग्नल नसण्यापेक्षा अधिक क्रूर आहे, कारण तिच्यात दोन तासांचा हिशेब सुरू होतो.

या सगळ्याला निर्मितीचे अर्थकारणही कारण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रात्रीच्या गाडीतला प्रसंग अत्यंत स्वस्तात होतो. गाडी अंधाऱ्या स्टुडिओत उभी करतात, दोन माणसे बाजूने दिवे फिरवत जातात, एक जण बंपरपाशी दांडा लावून गाडी हलकेच हलवतो, काचेवर थोडे पाणी मारतात, आणि पडद्यावर ती गाडी मुसळधार पावसात धावते. खिडकीबाहेर काळोखच असल्याने खोटेपणा पकडला जात नाही. दिवसाचा प्रवास मात्र महाग पडतो, कारण बाहेरचे दृश्य खरे लागते. त्यासाठी गाडी ठेंगण्या ट्रेलरवर चढवून ओढावी लागते, मागे चित्रित दृश्य प्रक्षेपित करावे लागते किंवा अलीकडे बाहेरचे दृश्य दाखवणाऱ्या एलईडी पडद्यांच्या भिंतीचा वापर करावा लागतो. कमी पैशांत पहिला चित्रपट करणारे रात्रीचा रस्ता निवडतात त्यामागे एवढे साधे गणित असते. खरा रस्ता वापरायचा असेल तर तो ओला करून घ्यावा; कोरडे डांबर रात्री सगळा प्रकाश गिळून टाकते.

संकलनात एक शिस्त पाळावी लागते. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल तर ती तशीच जात राहिली पाहिजे, कारण प्रेक्षक ती दिशा म्हणजेच ‘पुढे’ असे मनात धरतो. दिशा उलटली की गाडी मागे फिरली असे वाटते. भयपटात हा नियम हेतुपुरस्सर मोडता येतो: पात्रांना आपण पुढे चाललो आहोत असे वाटते, पण पडद्यावरची दिशा हळूच बदललेली असते, आणि मघाशी मागे पडलेली पाटी पुन्हा समोर येते तेव्हा प्रेक्षकाला धक्का कमी आणि आपल्याला हे आधीच जाणवले होते अशी अस्वस्थता जास्त वाटते. मात्र हे एकदाच करावे. वारंवार केले तर तो संकलकाचा गोंधळ वाटतो.

राहिला शेवट, आणि तिथे या प्रकाराची खरी कमजोरी आहे. रस्त्यावरचे बहुसंख्य भयपट तिसऱ्या अंकात रस्ता सोडून एखाद्या घरात, गोदामात किंवा खाणीत शिरतात, आणि तिथून पुढे तो बंगल्याचाच भयपट होतो. दारे, जिने, तळघर, सगळे जुने सामान बाहेर येते. कारण सरळ आहे. रस्त्याला मध्य असतो, पण स्वतःचे टोक नसते. मुक्कामाला सुखरूप पोचणे हा भयपटाचा शेवट होऊ शकत नाही आणि नुसते चालत राहणे हाही नाही. ‘ड्युएल’ याला अपवाद आहे, तो अखेरपर्यंत रस्ता सोडत नाही आणि कड्यावर जाऊन संपतो. ‘चेनसॉ’ने दुसरी तोड काढली: घरातला सगळा प्रकार झाल्यावर वाचलेली तरुणी पुन्हा रस्त्यावर येते, आणि तिथून जाणारा एक अनोळखी माणूस आपला पिकअप ट्रक थांबवून तिला मागच्या हौद्यात घेतो. ज्या चित्रपटात अनोळखी माणसाला गाडीत घेतल्यापासून अनर्थाला सुरुवात झाली, त्यात सुटकाही अनोळखी माणसाच्या थांबण्यामुळेच होते. तिसऱ्या अंकात अडकलेली पटकथा माझ्याकडे येते तेव्हा मी पहिल्यांदा थांब्यांची यादी काढायला सांगतो, प्रत्येक ठिकाणी कोण कोणावर विसंबले ते समोर लिहायला सांगतो, आणि शेवटच्या थांब्यावर ही विसंबण्याची दिशा उलटवता येते का ते पाहायला लावतो. बऱ्याचदा त्यानंतर घराची गरज उरत नाही.